बाबासाहेबांच्या खांद्यावर केप कशाला?

एप्रिल महिना लागला की आपल्या मोबाईलवर एक चित्र हमखास येतं. पिळदार दंड, रुंद छाती, पाठीवर फडफडणारी लाल केप आणि चेहरा बाबासाहेबांचा. खाली ओळ असते, 'आमचा सुपरहिरो' किंवा 'खरा सुपरमॅन'. तरुण पोरं ते स्टेटसला ठेवतात, ग्रुपवर टाकतात. त्यामागची भावना प्रामाणिक आहे, यात मला शंका नाही. ज्या समाजातल्या मुलांना पाठ्यपुस्तकात, सिनेमात, टीव्हीवर आपल्यातला बलवान माणूस क्वचितच दिसला, त्यांनी आपल्या बापाला जगातल्या सगळ्यात बलवान माणसाचा पोशाख चढवावा, हे समजण्यासारखं आहे.

तरीही माझा या चित्राला विरोध आहे. कॉमिक्स पोरकट असतात म्हणून नव्हे. उलट, सुपरहिरो हे विसाव्या शतकातलं फार ताकदवान सांस्कृतिक प्रतीक आहे, आणि प्रतीकांच्या राजकारणात भोळं राहणं आपल्याला परवडत नाही. बुद्धाला विष्णूचा अवतार करून त्याची धार कशी बोथट केली गेली, हे आपण जाणतो. म्हणून कोणतंही प्रतीक खांद्यावर घेण्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते कोणाच्या वेदनेतून जन्मलं? ते कोणाच्या मालकीचं झालं? आणि ते आपल्याला कामाला लावतं की वाट बघायला लावतं?

शिंप्याच्या मुलाचं स्वप्न

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३८ साली, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. तो घडवणारी दोन पोरं होती जेरी सीगल आणि जो शुस्टर. दोघंही अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात वाढलेली, युरोपातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबांतली. सीगलच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली दुकानात चोरी झाली तेव्हा ते कोसळले आणि गेले. जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. अमेरिकेतही ज्यूंविषयी द्वेष होताच. नामांकित विद्यापीठांत किती ज्यू घ्यायचे यावर छुपी मर्यादा होती. अशा काळात या दोन पोरांनी बंदुकीची गोळी ज्याच्या छातीवरून उडून जाते, असा माणूस कल्पिला.

सुरुवातीचा सुपरमॅन आजच्या सिनेमांतल्यासारखा परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो धडा शिकवायचा. खोट्या आरोपात फाशी जाणाऱ्या बाईला वाचवायचा. एका गोष्टीत तो कामगारांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवून अनुभव देतो. दुसऱ्या गोष्टीत गलिच्छ वस्ती पाडून सरकारला गरिबांसाठी नवी घरं बांधायला भाग पाडतो. म्हणजे मंदीच्या काळातल्या गरिबाचा राग त्याच्या मुठीत होता.

या गोष्टीतला सगळ्यात खरा भाग मात्र केप नसून चष्मा आहे. सुपरमॅनचं मूळ नाव काल-एल. हिब्रू भाषेत 'एल' म्हणजे देव. हा परका, निर्वासित जीव अमेरिकेत क्लार्क केंट या गोऱ्या, सभ्य, कोणाला खटकणार नाही अशा नावानं जगतो. खुद्द कॉमिक्सच्या धंद्यातही हेच चालू होतं. जेकब कुर्ट्झबर्ग यांनी नाव घेतलं जॅक कर्बी. स्टॅन्ली लीबर झाले स्टॅन ली. बॅटमॅनच्या जनकांपैकी एक, रॉबर्ट कान, झाले बॉब केन. खरं नाव सांगितलं तर दार बंद होईल, ही भीती त्यामागे होती.

हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पुण्या-मुंबईत खोली भाड्यानं घेताना घरमालक नाव ऐकून थांबत नाही, 'पूर्ण नाव?' असं विचारतो. ऑफिसमध्ये आडनावाऐवजी वडिलांचं नाव लावणारे आपल्यात आहेत. जयंतीला गावाकडे जातोय हे न सांगता 'घरी कार्यक्रम आहे' म्हणून रजा टाकणारेही आहेत. दोन नावं, दोन चेहरे, दोन आयुष्यं! ज्याला कॉमिक्सवाले 'गुप्त ओळख' म्हणतात, ती आपल्याकडे भाड्याच्या खोलीची अट आहे. फरक एवढाच की क्लार्क केंट चष्मा काढला की उडतो. आपल्या पोराचा मुखवटा उतरला की त्याला खोली सोडावी लागते.

मग मालक कोण झाला?

या स्वप्नाचं पुढे काय झालं, तेही पाहू. सुपरमॅनचे सगळे हक्क सीगल आणि शुस्टर यांच्याकडून कंपनीनं १३० डॉलरला घेतले. दोघांत मिळून १३०! पुढे त्या पात्रावर कंपनीनं अफाट पैसा कमावला आणि ज्यांच्या डोक्यातून ते निघालं, ते दोघं कोर्टकचेऱ्या करत राहिले. १९७५ साली जाहीर मोहीम झाली, बदनामी होऊ लागली, तेव्हा कुठे कंपनीनं त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव दिलं. खाणमालकाला धडा शिकवणारा नायक ज्यांनी लिहिला, त्यांच्या श्रमाचं मोल त्यांना त्याच नायकाच्या मालकाकडून मिळालं नाही.

कॅप्टन अमेरिकाचंही असंच. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू कलावंतांनी पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्याला हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दाखवलं. अंकावर तारीख मार्च १९४१ ची होती, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीची. त्यांना धमक्या आल्या, न्यूयॉर्कच्या महापौरांनी पोलीस संरक्षण देऊ केलं. ते चित्र काढायला हिंमत लागत होती, हे मान्यच केलं पाहिजे. १९४६ साली रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेनं कू क्लक्स क्लॅनसारख्या वर्णद्वेषी टोळीला सलग १६ भागांत उघडं पाडलं, तेही मान्य. म्हणजे हे प्रतीक मुळातच निकामी आहे, असं मी म्हणत नाही. पण युद्धानंतर तेच नायक हळूहळू राज्यसत्तेचे आणि बाजाराचे झाले. वंचिताचा राग गेला, झेंडा आणि खेळणी उरली.

१९७२ : एक नाव, दोन वाटा

आता आपल्या जवळच्या गोष्टीकडे येऊ. 'ब्लॅक पँथर' हे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात आणलं. मोठ्या अमेरिकन कॉमिक्समधला हा पहिला काळा सुपरहिरो. अंक जुलै १९६६ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. पार्टीनं नाव कॉमिक्सवरून घेतलं नव्हतं. अलाबामातल्या लाउंडेस काउंटीत काळ्या मतदारांच्या संघटनेचं निशाण काळा पँथर होतं, तिथून ते आलं.

पार्टीच्या पँथरला केप नव्हती. त्यांच्याकडे बंदुका होत्या, हे सगळे सांगतात. पण १९६९ पासून त्यांनी ओकलंडमध्ये शाळकरी मुलांना सकाळचा मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि तो कार्यक्रम कितीतरी शहरांत पसरला, हे कमी लोक सांगतात. त्यांनी दवाखाने चालवले. स्वतःचं वर्तमानपत्र काढलं आणि रस्त्यावर उभं राहून विकलं.

मग कॉमिक्सच्या कंपनीनं काय केलं? १९७२ साली त्यांनी आपल्या नायकाचं नावच बदललं. 'पँथर' या शब्दाला राजकीय अर्थ चिकटला होता, म्हणून तो काही काळासाठी 'ब्लॅक लेपर्ड' झाला. काळा नायक चालेल, पण चळवळीची आठवण करून देणारा नको.

आणि नेमक्या त्याच १९७२ साली, मुंबईत, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी हेच नाव उचललं : दलित पँथर. बावड्याचा बहिष्कार, ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची झालेली विटंबना, देशभरातल्या अत्याचारांचा पाढा वाचणारा इलायापेरुमल समितीचा अहवाल आणि त्यावर गप्प बसलेलं सरकार व आपलेच पुढारी, या सगळ्यातून ती संघटना उभी राहिली. तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या पँथरचं.

ज्या वर्षी कंपनीला त्या नावाची भीती वाटली, त्याच वर्षी आपल्या पोरांना ते आपलंसं वाटलं! प्रतीक कोणाचं, याचं उत्तर इथे आहे. कागदावर हक्क कोणाच्या नावे आहेत, हे कोर्ट ठरवतं. पण त्याची किंमत कोण मोजतं, यावरून ते कोणाचं हे इतिहास ठरवतो. जानेवारी १९७४ मध्ये वरळी दंगलीच्या दिवसांत मोर्च्यावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव शहीद झाले. त्यांच्या छातीवर कोणताही लोगो नव्हता.

वकांडाचा राजा आणि ओकलंडचा पोरगा

२०१८ साली रायन कूगलर यांचा 'ब्लॅक पँथर' सिनेमा आला तेव्हा आपल्याकडच्याही अनेक तरुणांनी तो डोक्यावर घेतला. कधीच गुलाम न झालेला, विज्ञानात जगाच्या पुढे असलेला काळ्या लोकांचा देश पडद्यावर पाहणं हा काळ्या मुलांसाठी केवढा आनंद असेल, हे आपण ओळखू शकतो. त्या आनंदाला नाक मुरडणारा माणूस कधी अपमानित झालेलाच नसणार.

पण सिनेमा नीट पाहा. टचाला राजा आहे, कारण त्याचा बाप राजा होता. शक्ती देणारी वनस्पती राजघराण्यासाठी राखीव आहे. म्हणजे सत्ता रक्तातून येते. आणि 'तुमच्याकडे एवढी ताकद असताना जगभरचे आपले लोक तुडवले जात होते, तेव्हा तुम्ही कुठे होता?' हा खरा प्रश्न विचारतो कोण? किलमाँगर, म्हणजे खलनायक. तो वाढलाय कुठे? ओकलंडमध्ये, पँथर पार्टीच्या गावात. सिनेमा त्याचा प्रश्न बरोबर मानतो, पण प्रश्न विचारणाऱ्याला क्रूर करून मारतो आणि शेवटी राजाच्या हातून ओकलंडमध्ये एक मदतकेंद्र उघडवतो. ज्या शहरात लोकांनी स्वतः मुलांना नाश्ता वाढला, तिथे आता राजा दान देणार! कूगलर स्वतः ओकलंडच्या परिसरातले. त्यांना हा पेच दिसतच नसेल असं नाही. पण सुपरहिरोच्या साच्यात यापुढे जाता येत नाही. त्या साच्यात लोक गर्दी असतात, कर्ता एकटाच असतो.

जन्मानं मिळालेली ताकद हे या साच्याचं दुखणं आहे. सुपरमॅनची ताकद जन्माची. बॅटमॅनची ताकद वारसानं मिळालेल्या पैशाची. ज्या समाजात माणसाची लायकी जन्मावरून ठरवली गेली, त्या समाजात हा साचा अगदी फिट बसतो. पुरावा हवा असेल तर १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झालेला 'शक्तिमान' आठवा. आमच्या पिढीनं तो रविवारी श्वास रोखून पाहिला. त्याची गुप्त ओळख काय होती? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! अमेरिकेतल्या ज्यू पोरांनी आपल्या नायकाला मूळ ओळख लपवायला लावली, कारण ती ओळख धोक्याची होती. आपल्याकडचा नायक मात्र पंडित आणि शास्त्री ही बिरुदं गुप्त ओळख म्हणून मिरवतो, कारण त्या बिरुदांना इथे दार बंद होत नाही. 'अमर चित्र कथा' १९६७ पासून देव, राजे, ऋषी घराघरात पोचवत होती. त्यातला देखणा गोरा देव आणि काळाकभिन्न असुर पाहत दोन-तीन पिढ्या वाढल्या. बाबासाहेबांवरचा अंक त्यात आला १९७९ साली.

केपनं काय झाकलं जातं?

आता मूळ मुद्दा. बाबासाहेबांच्या खांद्यावर केप टाकली की तीन गोष्टी झाकल्या जातात.

पहिली, जखम. पोलादी माणसाला लागत नाही. पण बाबासाहेबांना लागलं होतं. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या माणसाला जात कळताच सरायीतून हाकललं गेलं आणि त्या शहरात डोकं टेकायला जागा मिळाली नाही. रमाईंनी आणि त्यांनी आपली चार मुलं गमावली. शेवटची कित्येक वर्षं मधुमेहानं शरीर पोखरलं. हे सगळं सोसणारा माणूस पोलादाचा होता असं आपण म्हटलं, तर जातीनं त्याला काही केलंच नाही असा त्याचा अर्थ निघतो. मग गुन्हा कुठे उरला आणि गुन्हेगार कोण?

दुसरी, मेहनत. सुपरहिरोला अभ्यास करावा लागत नाही. बाबासाहेबांची ताकद कोलंबिया आणि लंडनच्या ग्रंथालयांत, अर्धपोटी राहून, तासातासानं कमावलेली आहे. ती आकाशातून पडली नाही.

तिसरी, माणसं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेब एकटे उडत गेले नव्हते. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी गायकवाड यांच्यासारखे कोकणातले कार्यकर्ते त्या परिषदेसाठी राबले. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सहकारी सोबत होते. गावोगावचे हजारो लोक भाकरी बांधून चालत आले, पाणी प्यायले आणि परतताना सनातन्यांचा मारही त्यांनी खाल्ला. त्या मार खाल्लेल्यांचं चित्र कोणत्या स्टेटसवर असतं?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात मागे एका चौथीतल्या मुलीनं विचारलं, "दादा, बाबासाहेबांची पॉवर काय होती?" मी काही बोलायच्या आत मागचा एक मुलगा म्हणाला, "पेन." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग ती आपल्याला पण घेता येईल ना?" समाजशास्त्राच्या एम.ए.ला मी प्रतीकांवर बरंच काही वाचलं, पण प्रतीकाची इतकी नेमकी परीक्षा कुठल्या पुस्तकात सापडली नाही. जी ताकद आपल्याला घेता येत नाही, तिची पूजाच करावी लागते. जी घेता येते, तिचा सराव करावा लागतो.

बाबासाहेबांनी हा धोका स्वतः ओळखला होता. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी आपल्याला दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी जो बुद्ध उभा केला, तो मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष वाटणारा नाही. अवतार आणि सुपरहिरो यांत पोशाखाचाच काय तो फरक. संकट आलं की तो येईल, आपण वर बघायचं. ज्यांनी अवतार नाकारून धम्म दिला, त्यांनाच आपण अवताराचा इंग्रजी पोशाख चढवतोय.

याचे परिणाम चळवळीत रोज दिसतात. प्रत्येक गटाला आपापला सुपरहिरो आहे. नेत्याच्या एन्ट्रीला डीजे, नेत्याच्या फोटोला दूध, आणि अत्याचाराची फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात पीडित कुटुंबासोबत बसायला दोन माणसं मिळत नाहीत. चाहते वाढले, कार्यकर्ते घटले.

मग चित्रं काढूच नयेत का?

जरूर काढावीत. प्रश्न साच्याचा आहे, चित्रकथेचा नाही. अमेरिकेतच १९५७ साली माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर एक छोटं कॉमिक निघालं. किंमत दहा सेंट. त्यात मार्टिन ल्यूथर किंग आहेत, पण त्यांच्यासोबत बसऐवजी पायी जाणारे लोक आहेत, आणि अहिंसक लढा कसा द्यायचा हेही समजावलं आहे. दक्षिणेतल्या चळवळीत ते हातोहात फिरलं. ते वाचलेल्या तरुणांपैकी एक, जॉन लुईस, पुढे खासदार झाले. त्यांनी सहकाऱ्यांसोबत स्वतःच्या लढ्याची 'मार्च' ही तीन भागांची चित्रकथा केली आणि २०१६ साली तिच्या तिसऱ्या भागाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. त्या पुस्तकात कोणी उडत नाही. लोक मार खातात, उठतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात.

आपल्याकडे २०११ साली 'भीमायन' आलं. त्याची चित्रं परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. त्यांनी माणसांना कॉमिक्सच्या चौकोनी डब्यांत कोंबायला नकार दिला. मायेनं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत, जातीचं विष ओकणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीचे आहेत. त्यातला भीम तहानलेला मुलगा आहे. तहान लागते, म्हणूनच तो आपला वाटतो.

म्हणून माझं तरुण मित्र-मैत्रिणींना सांगणं आहे. तुमच्या हातात आज मोबाईल आहे, चित्र काढायची साधनं आहेत. त्यातून महाडला चालत गेलेल्या बाईचं चित्र काढा. काळाराम मंदिराच्या दारात उभ्या सत्याग्रहींचं काढा. पँथरच्या छावणीत रात्रभर पत्रकं लिहिणाऱ्या पोराचं काढा. तुमच्या आजीला विचारा, १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला घरातलं कोण गेलं होतं, काय घालून गेलं होतं, येताना काय घेऊन आलं. ते काढा, त्याखाली त्या माणसाचं पूर्ण नाव लिहा, आडनावासकट.

आणि बाबासाहेबांचं चित्र काढाल तेव्हा कोट असू द्या, चष्मा असू द्या, हातात पुस्तक असू द्या. तो कोट त्यांनी कमावलेला आहे. त्यांच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवा. तिथे उभं राहायचं काम आपलं आहे.

जय भीम!